फुलवाल्याचा फोन

"याला चहा म्हणायचं? भांडी विसळलेल्या पाण्यालासुद्धा याच्यापेक्षा बरा रंग असतो."

वन्संनी कप तोंडाला लावलेलाच होता, त्यामुळे कुरकुर अर्धी कपात आणि अर्धी केबिनमध्ये झाली. केबिन तरी केवढी! एकानं कूस बदलायची तर बाकीच्यांची परवानगी घ्यावी. खाली दोन अरुंद बिछाने, वर भिंतीतून ओढून काढलेली एक फळी. फळीवर हॅलोबाईचा नवरा बोट लागल्याची गोळी घेऊन कालपासून पालथा पडलेला. खालच्या एका बिछान्यावर वन्सं, म्हणजे त्याची थोरली बहीण. आणि समोरच्या बिछान्यावर, वन्संच्या कपाला आपला गुडघा लागू नये म्हणून अंग चोरून बसलेली हॅलोबाई.

हे नाव तिला बसडेपोत पडलं होतं. चौकशीच्या खिडकीमागे बसून ती माईकवर गाड्या पुकारायची. रोज सकाळी माईक तपासताना "हॅलो, हॅलो" म्हणायची, म्हणून हॅलोबाई. निवृत्त झाली तरी नाव काही निवृत्त झालं नाही. नवरा पाणीपुरवठ्यात होता, फुटलेले पाइप जोडायचा. कुठं गळायला लागलं की त्यावर चटकन काहीतरी गुंडाळायचं, ही त्याची नोकरीतली सवय घरातही होती.

बोटीची ही सहल भाचीनं दिलेली. वन्संची ती एकुलती एक लेक. वडील गेल्यापासून आई घरात बसून आंबली आहे, असं तिचं म्हणणं. "मामा-मामी, तुम्ही सोबत असाल तरच ती जाईल हो," असं गळ्यात पडून म्हणाली आणि तिकिटं हातात ठेवली. नाही कसं म्हणणार? मामाला भाची म्हणजे जीव की प्राण. मामीलाही ती आवडायची. पण भाचीच्या लग्नाचा विषय निघाला की मामी उठून दुसऱ्या खोलीत जायची. ते का, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोलत नव्हतं.

"मी आंघोळ उरकते," वन्सं उठल्या. "तू पण तयार हो. जुनं बंदर म्हणे पाहण्यासारखं आहे. आणि शहरात जरा हळू बोल बाई. तो काही तुझा डेपो नाही."

न्हाणीचं दार लागलं, पाणी सुरू झालं, आणि नेमका त्याच वेळी छतातला कर्णा खरखरला. कप्तान बोलत होता. हॅलोबाईनं सवयीनं कान टवकारले. बरा बोलतो, फक्त वाक्याच्या शेवटी आवाज पाडतो, असंही तिनं मनात नोंदवलं. तो सांगत होता की दुपारनंतर वारा वाढणार आहे, म्हणून जहाज ठरल्यापेक्षा तासभर लवकर सुटेल. शहरात जाणाऱ्यांनी चारऐवजी तीनच्या आत परत यावं. उशिरा येणाऱ्यांसाठी जहाज थांबणार नाही.

वरच्या फळीवर नवरा घोरत होता.

वन्सं केस पुसत बाहेर आल्या. "काय म्हणत होता गं तो?"

"काही नाही," हॅलोबाई म्हणाली. "जेवणाचं काहीतरी."

बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली. ठरवून बोलली नव्हती. पण शब्द इतके तयार होऊन आले होते, की जणू कित्येक वर्षं ते दाराआड चपला घालून उभेच होते.

आणि ते कुठून आले, तेही तिला पक्कं ठाऊक होतं.

भाचीच्या लग्नाची सकाळ. लग्न मामाच्याच घरी, म्हणजे हॅलोबाईच्या. जिन्याखालचा फोन वाजला. हॅलोबाईच्या दोन्ही हातांत ताटांची चळत होती, म्हणून वन्संनी उचलला. "हं. हं. निरोप देते," एवढंच बोलल्या आणि ठेवला. तिनं जाता जाता विचारलं, "कुणाचा फोन, वन्सं?" वन्सं म्हणाल्या, "काही नाही गं. फुलवाला होता."

फुलवाला नव्हता. हॅलोबाईचा भाऊ होता. आईचं काही खरं नाही, शुद्धीवर आहे, सारखी तुझं नाव घेतेय, असशील तशी निघ, हा निरोप होता. भर लग्नात रडारड नको, म्हणून तो वन्संनी गिळला. दिवसभर हॅलोबाई पाहुण्यांना हसून वाढत राहिली. मुलगी सासरी रवाना झाल्यावर संध्याकाळी भावाचा दुसरा फोन आला, आणि तेव्हा निघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. भाऊ पुढं कितीतरी दिवस विचारत होता, "तू का आली नाहीस? तुझ्या नणंदेनं निरोप देते म्हटलं होतं की."

निरोप दिला नाही, म्हणून निरोप घेता आला नाही. आपल्या भाषेनं दोन्हीला एकच शब्द ठेवलाय तो उगाच नाही, असं हॅलोबाईला तेव्हापासून वाटत आलं.

तिनं जाब विचारायला तोंड उघडलं त्याच दिवशी नवऱ्यानं गळती बंद केली. "अगं, त्या दिवशी लाइन खराब होती. ताईला नीट ऐकूच आलं नसेल." मग तेच घराचं उत्तर झालं. लाइन खराब होती. भाची म्हणाली, लाइन खराब होती ना मामी. शेजारपाजार म्हणाला. वन्संनी मात्र होही म्हटलं नाही आणि नाहीही. आणि हॅलोबाई? आयुष्यभर जिच्या आवाजावर गाड्या सुटल्या, ती घरात गप्प बसली.

आता तिच्या तोंडात एक निरोप होता आणि तो तिनं गिळला होता. चव वाईट नव्हती.

जहाजातून उतरायच्या शिडीपाशी फळा होता. त्यावर नवी वेळ लाल खडूनं ठसठशीत लिहिलेली. वन्सं बाहेर पडताना चष्मा लावत नसत, फोटोत म्हातारं दिसतं म्हणून. तरीही हॅलोबाई पर्समध्ये काहीतरी शोधायच्या निमित्तानं बरोबर फळ्यासमोर आडवी उभी राहिली. शिडीवरचा खलाशी मात्र प्रामाणिक. त्यानं हसून घड्याळावर टिचकी मारली आणि तीन बोटं वर केली.

वन्संना वाटलं, माणसं मोजतोय.

"नाही हो, दोघीच," त्यांनी दोन बोटं दाखवली. "भाऊ झोपलाय."

खलाशानं पुन्हा तीन बोटं नाचवली. वन्संनी पुन्हा दोन. "काय हट्टी आहे बघ. झोपलेल्या माणसाला कसा मोजतोय!"

हॅलोबाईला हसू फुटलं. ते हसू तिनं गिळलं नाही, चांगलं मोकळं सोडलं. वन्सं खूश झाल्या. भावजय आपल्या विनोदाला हसली, असं फारसं होत नसे.

धक्क्यापासून शहराच्या वेशीपर्यंत छोटी बस होती. वेस म्हणजे जाड तटबंदीतली एक कमान. तिच्यातून आत गेलं की थंडगार सावली आणि पायांनी घासून आरशासारखे झालेले दगड. दोन्ही बाजूंना उंच, अरुंद घरं, वरच्या खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे, खाली दोरखंड, पितळी दिवे, आणि चित्रांची दुकानं. वन्सं दर चार पावलांवर थांबत. त्यांना प्रत्येक गोष्ट हात लावून पाहायची असे, आणि हात लावला की नाव ठेवायचं असे. तट जुना आहे पण डागडुजी फसली आहे. मनोरा उंच आहे पण वाकल्यासारखा वाटतो. जुन्या जकातघरातलं नांगरांचं प्रदर्शन चांगलं आहे, पण एवढे नांगर कशाला?

"मला सगळे सारखेच दिसतात," हॅलोबाई म्हणाली.

"हळू बोल गं. तो रखवालदार वळून बघतोय."

तो काही बघत नव्हता. पण हे जन्माचंच होतं. हॅलोबाईचा आवाज मोठा, खणखणीत, आणि वन्संच्या मते चारचौघांत न शोभणारा. लग्न होऊन आली तेव्हापासून "हळू" हा शब्द तिच्या वाट्याला मिठासारखा रोज आला होता. आज तिनं त्याचा राग धरला नाही. राग धरून तो खर्च का करायचा? ती तो साठवत होती. वन्सं जितक्या रेंगाळत तितकं तिला बरं वाटत होतं. "घाई नाही हो, वन्सं. ते पण बघा. तिथं वर पण जाऊन येऊ." इतकी गोड ती कधी वागली नव्हती. वन्संना संशय यायला हवा होता. पण आपल्याशी कुणी गोड वागलं तर ते आपल्या गुणांमुळेच, अशी त्यांची समजूत.

समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसून दोघींनी पाव खाल्ला. वन्संनी तो तोडला आणि मोठा तुकडा भावजयीपुढं केला. "घे. तुझ्या तोंडाला काम."

हॅलोबाईनं घेतला. वन्सं कायमच मोठा तुकडा समोरच्याला देत, हे खरं होतं. वाईट माणूस आपल्या सोयीनं सगळीकडे वाईट असतं तर किती बरं झालं असतं! तिनं पाण्याचा घोट घेऊन घास आणि विचार दोन्ही खाली ढकलले.

पायऱ्यांच्या माथ्यावरच्या चौकात एक माणूस बादल्यांमध्ये फुलं घेऊन बसला होता. हॅलोबाईची नजर गेली आणि जीभ आवरली नाही.

"वन्सं, फुलवाला बघा."

वन्सं चालता चालता थबकल्या. किती वेळ? डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच. मग त्यांनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मला नाही फुलांचं कौतुक. चल."

"काही म्हणत नाही ना तो?"

"तो कशाला काही म्हणेल? चल म्हटलं ना!" आणि पुढं निघून गेल्या. एवढ्या भरभर त्या दिवसभरात पहिल्यांदाच चालल्या.

म्हणजे आठवत होतं. इतकी वर्षं हॅलोबाईला एकच शंका पोखरत होती, की वन्सं कदाचित विसरूनही गेल्या असतील. ती शंका फिटली आणि उरलीसुरली माया आटली.

पुढच्या गल्लीत विणलेल्या जाळीच्या कापडाचं दुकान होतं. खिडकीपाशी एक म्हातारी बोटांच्या टोकांनी लाकडी चात्या उलटसुलट टाकत विणत होती. वन्सं आत शिरल्या त्या शिरल्याच. टेबलावर घालायचा रुमाल लेकीला, तसलाच लेकीच्या सासूला, जरा लहान विहीणबाईंच्या बहिणीला. दुकानदारीणबाई कपाटंच्या कपाटं उघडू लागली.

हॅलोबाईनं घड्याळ पाहिलं. आत्ता निघालं तर वेळेत पोहोचता येत होतं. आत्ताच निघालं तर.

"तुम्ही निवांत बघा, वन्सं. मी पुढं होते. ह्यांना उठवून गोळी द्यायचीय. चारपर्यंत या म्हणजे झालं."

"निवांत" हा शब्द तिनं असा अलगद ठेवला, जसं झोपलेल्याच्या उशाशी काही ठेवावं.

"मला रस्ता सापडेल?"

"सरळ खाली. समुद्र काय चुकणार आहे?"

वन्सं जाळीतून तिच्याकडे बघत हसल्या. "बरं. त्याला निरोप दे, म्हणावं ताई खरेदीत बुडालीय."

"निरोप देते," हॅलोबाई म्हणाली.

आणि निघाली.

बसमध्ये ती ताठ बसली होती. डोळ्यांपुढं एक चित्र होतं आणि ते ती पुन्हा पुन्हा, नीट न्याहाळून पाहत होती. मोकळा धक्का. त्यावर वन्सं, हातात रुमालांची पिशवी. दूर जाणारं जहाज. ज्याच्याकडे पोहोचायला हवं ते आपल्यासमोरून निघून जातंय आणि आपल्या पायांचा उपयोग नाही, हे एकदा, एकदाच वन्संना कळायला हवं होतं. मरणार थोड्याच होत्या? कुणीतरी हॉटेलात ठेवलं असतं, भाचीनं धावपळ केली असती, पुढच्या बंदरावर आणून सोडलं असतं. पण तो मोकळा धक्का तर भेटला असता!

नवरा कठड्याशी उभा होता, तोंडावर पाणी मारून जरा माणसात आलेला. "ताई?"

"येतायत."

"अगं, सुटायची वेळ झाली की! तो केबिनवाला सांगत होता, लवकर निघणार म्हणून. सकाळी पुकारलं होतं म्हणे."

"हो का?"

त्यानं बायकोकडे बघितलं. ती समुद्राकडे बघत होती. गळती दिसली की आधी तो नजर फिरवायचा, कापड शोधायला.

कर्ण्यावरून वन्संचं नाव पुकारलं गेलं. पुकारलं कसलं, चावून टाकलं. आडनाव आधी, नाव नंतर, मधली अक्षरं गायब. स्वतः वन्सं ऐकत्या तर दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून सोडून देत्या. हॅलोबाईच्या कपाळावर आठी चढली. अशी हाक मारतात? डेपोत तिची पद्धत ठरलेली होती. पहिली हाक गाडीची: अमुक गाडी सुटणार आहे. दुसरी घाईची: प्रवाशांनी त्वरित बसून घ्यावे. आणि कुणाचं माणूस राहिलं असेल तर तिसरी हाक माणसाच्या नावानं, सावकाश, अक्षर न् अक्षर सुटं करून. ड्रायव्हर शिव्या घालायचे, पण तिसरी हाक दिल्याशिवाय तिनं गाडी कधी सोडली नाही. आईचीच तेवढी गाडी तशी सुटली.

खलाशी शिडीचे दोर सोडायला लागले.

"येईल ती," नवरा हात चोळत म्हणाला. "आणि नाही आली तर... करू काहीतरी. तिला काय, नीट ऐकू आलं नसेल सकाळी. स्पीकर खराब असेल."

हॅलोबाई वळली.

स्पीकर खराब असेल. एका क्षणात तिला पुढचं सगळं दिसलं. भाचीला फोन: अगं, स्पीकर खराब होता. शेजारपाजाराला: काय सांगू, स्पीकर खराब. दोन वर्षांनी हसत हसत: आठवतं, ताई बंदरावर राहिली होती? वन्संसुद्धा हसतील. रुमाल दाखवतील. तिनं दिवसभर दातांखाली धरलेला सूड हा माणूस फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगेल, त्या 'लाइन खराब'च्या गाठोड्याशेजारी. ज्याच्यावर उगवायचा त्याला कळलंच नाही, तर तो सूड कसला? नुसता घोटाळा.

तेवढ्यात धक्क्याच्या पार टोकाला, बसथांब्यापाशी वन्सं दिसल्या. दोन्ही हातांत पिशव्या. निवांत. एका जागी थांबून त्यांनी एका बोटीला बारकाईनं बघितलं आणि बहुतेक तिलाही नाव ठेवलं.

ही दया नव्हती, असं हॅलोबाईनं स्वतःला बजावलं. तिनं कठडा धरला, पोटात वारा भरला आणि ज्या आवाजाला घरात आल्यापासून मिठासारखं रोज "हळू" मिळालं होतं, तो सगळाच्या सगळा सोडला.

तिनं हाक मारली ती नावानं. वन्सं नाही, ताई नाही. नातं गाळून नुसतं नाव, अक्षर न् अक्षर सुटं. ते नाव तिनं कधीच तोंडातून उच्चारलं नव्हतं. धक्क्यावरचे पक्षी उडाले. दोर सोडणारे खलाशी हात थांबवून वर बघू लागले.

"जहाज सुटत आहेऽऽ! ही शेवटची हाक आहेऽऽ!"

वन्संनी मान वर केली. भावजय आपलं नाव घेतेय, हे कळायलाच त्यांना एक क्षण लागला. मग त्या धावल्या. पिशव्या आपटत, केस सुटलेले, एक चप्पल मागं राहिली ती राहिली. सकाळचा तो तीन बोटांचा खलाशी शिडी धरून उभा राहिला आणि त्यानं त्यांना दंडाला धरून वर ओढून घेतलं. शिडी उचलली गेली. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये पाण्याची काळी पट्टी रुंद व्हायला लागली.

वन्सं बाकावर बसल्या. एक पाय अनवाणी, तळवा काळा झालेला. मग म्हणाल्या, "चार म्हटलं होतं ना?"

"तीन," हॅलोबाई म्हणाली. "सकाळी सांगितलं त्यानं."

"तू म्हणालीस, जेवणाचं."

"म्हणाले."

"तू ऐकलं होतंस?"

"सगळं. तुम्ही न्हाणीत होतात."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. चष्मा नव्हता, म्हणून डोळे बारीक करून, जवळून. नवरा दोघींच्या मध्ये येऊन उभा राहिला. त्याचे हात काहीतरी शोधत होते.

"जाऊ दे ना आता. आली ना ताई? झालं तर. हिला नीट कळलं नसेल, तो स्पीकर असा खरखरतो की..."

"स्पीकर चांगला होता," हॅलोबाई म्हणाली.

आता काही गुंडाळायला त्याच्याजवळ फडकं नव्हतं. वारा सुटला होता. शहराचा तट, मनोरा, पायऱ्या, सगळं एका हातात मावेल एवढं झालं होतं. वन्संनी अनवाणी पाय दुसऱ्या पायावर घेतला. पिशवीतला रुमाल बाहेर आला होता, तो आत सारायला घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"उगाच सांधू नकोस रे," त्या भावाला म्हणाल्या, पण बघत होत्या भावजयीकडे. "त्या दिवशी लाइनही चांगली होती."